एक तोळ्याची गोळी: नीलगायीसाठी रायफलची गोळी निवडतानाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका जुन्या मराठी कुटुंबाचे आहे. संबंधितांच्या संमतीने ते लिहीत असलो, तरी नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. दोन माणसांची ओळख मात्र करून द्यावीच लागेल. एक आहे टेक्सासमध्ये बारा वर्षांपासून स्थायिक झालेला आणि तेथील परवाना काढून हरणांची शिकार करणारा पुतण्या. दुसरा त्याला सल्ला देणारा काका, म्हणजे मी. माझे नेमबाजीचे सारे आयुष्य कागदी लक्ष्यांवर गेले. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली तेव्हा मी शाळेत होतो, त्यामुळे मोठ्या जनावरावर गोळी नेमके काय करते याविषयी मला जे ठाऊक आहे, ते आजोबांच्या वहीतून आणि त्यांच्या पितळी डबीतून आलेले आहे. ही मर्यादा सुरुवातीलाच नोंदवतो, कारण पुढे जे घडले त्यात तिचा वाटा आहे.

आजोबांची रायफल .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम या काडतुसाची. हे काडतूस १९१२ साली निघाले आणि आजही मोठ्या जनावरांसाठी जगभर वापरले जाते. आमची रायफल परवान्यावर अजून घरात आहे आणि दर निवडणुकीला मुकाट्याने ठाण्यात जमा होऊन परत येते, एवढाच तिचा आताचा प्रवास. आजोबांच्या वहीत मोडी अक्षरात शिकारीच्या नोंदी आहेत आणि त्यांतील एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे: ‘पहिली सॉफ्ट, मागच्या सॉलिड.’ सॉफ्ट म्हणजे टोकाशी शिसे उघडे असलेली, शरीरात शिरताच छत्रीसारखी फुलणारी गोळी. सॉलिड म्हणजे पूर्ण कवचाची, न फुलता सरळ आत घुसत जाणारी गोळी. पितळी डबीत १९५४ साली शिवपुरीच्या बाजूला मारलेल्या एका सांबरातून काढलेली सॉफ्ट गोळी आहे; तिचे डोके अळंबीसारखे पसरलेले, पण बुंधा शाबूत आहे.

येथे शब्दांचा एक खुलासा करतो. बोलताना आपण काडतुसालाही गोळी म्हणतो. या लेखात काडतूस म्हणजे पितळी नळकांडे, दारू, ती पेटवणारी टोपी आणि गोळी मिळून झालेली संपूर्ण वस्तू, आणि गोळी म्हणजे नळीतून बाहेर पडून जनावरापर्यंत पोचणारा धातूचा तुकडा. हा फरक नीट न पाळल्यानेच पहिली चूक झाली.

पुतण्याला आमंत्रण आले ते दक्षिण टेक्सासमधील एका खाजगी कुरणावर नीलगायीच्या नराच्या शिकारीचे. आपल्या माळव्यातील आणि चंबळच्या शेतांत धुडगूस घालणारा हा प्राणी तेथे १९२० ते १९४०च्या दरम्यान किंग रँच या प्रचंड कुरणावर सोडला गेला आणि फोफावला. तेथे तो परका प्राणी मानला जातो, गुरांना ताप देणाऱ्या गोचिडांचा प्रसार करतो, आणि खाजगी जमिनीवर त्याच्या शिकारीला ठरावीक हंगाम नाही. शिकारीचा परवाना मात्र लागतो. आजोबांनी नीलगाय कधी मारली नव्हती, कारण आजीने नावातील ‘गाय’ या शब्दावर बोट ठेवून तशी शपथच घातली होती. आम्ही तिला हसत असू. पण प्राणिशास्त्रात नीलगायीची गणना काळविटाच्या नव्हे तर गाई-म्हशींच्या उपकुळात होते, तेव्हा आजी अगदीच चुकीची नव्हती.

समस्या

पहिल्या दौऱ्याच्या आदल्या आठवड्यात पुतण्याने फोनवर विचारले, “काका, .३०० विनमॅग पुरेल ना हो?” मी म्हणालो, “पुरून उरेल.” .३०० विन्चेस्टर मॅग्नम हे १९६३ सालापासूनचे ताकदवान काडतूस आहे आणि माझे उत्तर काडतुसापुरते बरोबर होते. काडतुसात कोणती गोळी आहे हे मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. त्याच्याकडे होती हरणांसाठी घेतलेली १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) साधी गोळी, म्हणजे तांब्याच्या पातळ कवचात नुसते बसवलेले शिसे. याच गोळीने त्याने पाच वर्षांत सात हरणे जागच्या जागी पाडली होती.

जानेवारीतील त्या सकाळी नर सुमारे ७० मीटरवर, काटेरी मेस्कीटच्या झुडपांत, अर्धवट समोरून तिरका उभा होता. पुतण्याने हरणावर धरतो तसा खांद्याच्या किंचित मागे नेम धरला आणि चाप ओढला. नर पाठीमागे वाकला आणि निघून गेला. रक्ताचे चार थेंब, तेही वीस पावलांनंतर बंद. मागकाढ्या कुत्रा आणून शोध घेतल्यावर पाच तासांनी तो एका खळग्यात बसलेला सापडला आणि दुसऱ्या गोळीने प्रकरण संपले. ते पाच तास पुतण्याने फोनवर मला जवळपास मिनिटामिनिटाने सांगितले. ती हकीकत येथे देत नाही, एवढेच म्हणतो की त्या दिवशी तो शिकार सोडून देण्याच्या बेतात होता.

कापणीच्या वेळी वाटाड्याने खांदा उघडून दाखवला. गोळी खांद्याच्या हाडाच्या कडेवर आदळून फुटली होती, कवच एकीकडे आणि शिशाचा गाभा एकीकडे झाला होता, आणि सर्वांत खोल गेलेला तुकडा जेमतेम वीतभर आत होता. फुप्फुसांपर्यंत काही पोचलेच नव्हते. हाती लागलेल्या मोठ्या तुकड्याचे वजन ३.६ ग्रॅम भरले. मूळ गोळी ९.७ ग्रॅमची होती.

नेमके काय चुकले

पुतण्याचा पहिला निष्कर्ष असा होता की रायफल कमी पडली. मला तो पटला नाही, म्हणून मी आजोबांची डबी घेऊन सराफा बाजारात गेलो. आमच्या ओळखीच्या सोनाराने ती गोळी काट्यावर ठेवली आणि सवयीने विचारले, “घट किती धरायची?” हाच खरा प्रश्न होता. काट्याने १४.२ ग्रॅम दाखवले. मूळ गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे १९.४ ग्रॅम, सांबराचा खांदा फोडूनही तिने सुमारे तीन चतुर्थांश वजन राखले होते. पुतण्याच्या गोळीने जेमतेम ३७ टक्के राखले होते.

ग्रेन हे माप आपल्याला परके वाटते, पण ब्रिटिश अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरवला गेला आणि आपण तो अजून सोन्यासाठी वापरतो. तोळ्याचे बारा मासे, त्या हिशेबाने आजोबांची गोळी एक तोळा आठ मासे, आणि पुतण्याची फक्त दहा मासे. सोनाराला ही तुलना लगेच समजली. पुतण्याला समजायला थोडा वेळ लागला, कारण त्याच्या हातात खोक्यावरचा आकडा होता आणि तो आकडा उलट गोष्ट सांगत होता.

खोक्यावर नळीच्या तोंडाशी असलेली ऊर्जा छापलेली असते. १५० ग्रेनची गोळी सुमारे १,००० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते, तिची ऊर्जा सुमारे ४,८९० ज्यूल. त्याच काडतुसातील १८० ग्रेनची गोळी सुमारे ९०० मीटरने निघते, तिची ऊर्जा सुमारे ४,७५० ज्यूल. म्हणजे कागदावर हलकी गोळी वरचढ. पण ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग असतो, म्हणून वेग वाढला की आकडा फुगतो. ती ऊर्जा गोळीने कशावर खर्च केली, जनावराच्या आतल्या भागावर की स्वतःलाच फोडण्यावर, हे त्यातून कळत नाही. ७० मीटरवर त्या गोळीचा वेग अजून ९०० मीटरच्या वर होता. पातळ कवचाच्या गोळीला सर्वांत मोठा धोका दूरच्या नव्हे तर जवळच्या जनावरापासून असतो, ही गोष्ट बहुतेकांना ऐकताना उलटी वाटते.

दुसरा आकडा सेक्शनल डेन्सिटीचा, म्हणजे पौंडातल्या वजनाला इंचातल्या व्यासाच्या वर्गाने भागून येणारा. एकाच व्यासात लांब आणि जड गोळीचा हा आकडा मोठा येतो, आणि रचना सारखी असेल तर ती खोल जाते. पुतण्याच्या गोळीचा आकडा .२२६, १८० ग्रेनच्या गोळीचा .२७१, आणि आजोबांच्या गोळीचा .३०५.

तिसरी गोष्ट जनावराच्या शरीराची. तिकडचे हरीण माणसाच्या वजनाचे असते. नीलगायीचा मोठा नर २८० किलोंपर्यंत भरतो. वयाबरोबर त्याच्या मानेवरची आणि छातीवरची कातडी ढालीसारखी जाड होत जाते, आणि फुप्फुसे व काळीज पुढे, खाली, खांद्यांच्या मधोमध असतात. हरणावर खांद्याच्या मागे धरलेला नेम येथे फार मागे पडतो. नेम खांद्यावरच धरावा लागतो, आणि तसे असेल तर गोळीने हाड फोडून पुढे जायलाच हवे. गोळीची निवड आणि नेमाची जागा हे दोन प्रश्न वेगवेगळे नाहीत, हे मला या प्रकरणात प्रथम नीट उमगले.

पर्याय

पुढच्या दौऱ्याला वर्ष होते. तेवढ्या काळात पाच पर्याय बोलण्यात आले.

पहिला पर्याय रागाच्या भरात आला: पूर्ण कवचाची गोळी, जी फुटणारच नाही. हा मी लगेच खोडला. पूर्ण कवचाची गोळी सैन्यात आली त्याला वेगळी कारणे आहेत; फुलणाऱ्या गोळीचे ‘दमदम’ हे नाव कलकत्त्याजवळच्या कारखान्यावरून पडले आणि १८९९च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत असे ठरले. शिकारीत हिशेब उलट असतो. तीनशे कॅलिबरची न फुलणारी गोळी सुईसारखी आरपार जाते, जनावर तासन् तास जगते, आणि कळपात मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या जनावरालाही ती लागू शकते. आजोबांच्या ‘मागच्या सॉलिड’ या गव्यासारख्या अवाढव्य आणि अंगावर येणाऱ्या जनावरासाठी होत्या.

दुसरा पर्याय माझा होता, आणि तो कसा आला हे प्रामाणिकपणे सांगतो. मी म्हणालो, .३७५ भाड्याने घे आणि ३०० ग्रेनची सॉफ्ट गोळी वापर. तांत्रिकदृष्ट्या त्यात काही खोट नाही. पण माझ्या या सल्ल्यात अर्धी भक्ती होती; आजोबांच्या रायफलीच्या भावंडाने त्यांच्या पणतवाने शिकार करावी, ही इच्छा त्यात मिसळली होती. पुतण्याने मैदानावर एका मित्राची .३७५ वीस वेळा चालवली. तिचा धक्का त्याच्या रायफलीच्या दीडपट तरी होता, आठव्या फैरीनंतर तो चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागला, आणि १०० यार्डांवर दोन इंचांत बसणाऱ्या गोळ्या सहा इंचांत पसरल्या. कितीही भरभक्कम गोळी पोटात बसली तर उपयोग नाही, हे त्याने मला ऐकवले आणि ते खरे होते.

तिसरा पर्याय त्याच रायफलीत त्याच रचनेची पण २०० ग्रेनची गोळी. वेग कमी, वजन जास्त, म्हणून फुटण्याचा संभव कमी. हा स्वस्त आणि साधा मार्ग आहे आणि मध्यम जनावरांसाठी मी तो सुचवीनही. पण गाभा कवचातून निसटण्याचा मूळ दोष त्यात कायम राहतो.

चौथा पर्याय नियंत्रित फुलणाऱ्या गोळीचा. यात दोन जाती येतात. एकीत गोळीच्या मध्यावर धातूची आडवी भिंत असते. पुढचा भाग फुलतो, मागचा भाग भिंतीमागे शाबूत राहून आत घुसतो. अमेरिकेतील जॉन नॉस्लर यांनी १९४६ साली कॅनडात चिखलाने माखलेल्या मूस या अवाढव्य हरणाच्या नरावर गोळ्या वरच्यावर फुटताना पाहिल्या आणि १९४८ साली ही गोळी विक्रीस आणली. म्हणजे पुतण्याची अडचण जगात पहिल्यांदा त्याच्यावरच आली नव्हती. दुसऱ्या जातीत शिसे कवचाला आतून जोडून टाकलेले असते, म्हणून फुलले तरी सुटत नाही.

पाचवा पर्याय निव्वळ तांब्याची गोळी. ती पाकळ्यांसारखी उघडते आणि वजन जवळपास पूर्ण राखते. पुतण्याच्या बायकोचा कल या गोळीकडे होता, आणि तिचे कारण बिनतोड होते: मांस घरात, लहान मुलीच्या ताटात जाते. शिशाची गोळी फुटली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूरपर्यंत मांसात पसरतात, हे क्ष-किरण छायाचित्रांत दिसते. कॅलिफोर्नियाने तर १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी घातली आहे. तांब्याच्या दोन अडचणी अशा की तांबे शिशाहून हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते आणि प्रत्येक नळीला ती मानवतेच असे नाही. शिवाय वेग फार उतरल्यावर ती पुरेशी उघडत नाही. नीलगाय १५० मीटरच्या आत मिळणार असल्याने दुसरी अडचण येथे गौण होती.

चाचणी आणि निर्णय

मी सुचवले की आकड्यांवर वाद घालण्यापेक्षा गोळ्या कशावर तरी झाडून पाहाव्यात. पुतण्याने जुनी वर्तमानपत्रे रात्रभर पिंपात भिजवून त्यांचे गठ्ठे एकामागे एक घट्ट लावले, खाटकाकडून आणलेले गुराच्या खांद्याचे हाड पुढे बांधले, आणि २५ यार्डांवरून प्रत्येक जातीच्या तीन गोळ्या झाडल्या. भिजलेला कागद म्हणजे मांस नव्हे. तरी गोळ्यांची आपसातली तुलना त्यावर होते.

१५० ग्रेनची जुनी गोळी हाडातच फुटली आणि तिचे तुकडे सरासरी २२ सेंटिमीटरवर थांबले. १८० ग्रेनची जोडलेल्या शिशाची गोळी ४५ सेंटिमीटर गेली आणि ११.७ ग्रॅमपैकी १०.२ ग्रॅम राहिली. १८० ग्रेनची तांब्याची गोळी ५५ सेंटिमीटर गेली आणि तिचे वजन मासाभरही घटले नाही. एवढ्यावर तांबे जिंकायला हवे होते. पण १०० यार्डांवरच्या कागदी लक्ष्यावर जोडलेल्या शिशाच्या गोळ्या सव्वा इंचात बसत होत्या आणि तांब्याच्या साडेतीन इंचांत पसरत होत्या. नळी घासूनपुसून स्वच्छ करून पुन्हा झाडल्या, तरी फरक पडला नाही.

दौऱ्याला तीन आठवडे उरले होते. पुतण्याने १८० ग्रेनची, म्हणजे बरोबर एक तोळ्याची, जोडलेल्या शिशाची गोळी निवडली, आणि बायकोला शब्द दिला की जखमेभोवतालचे हातभर मांस सरळ टाकून देईन. त्यानंतर त्याने त्याच खोक्यातील काडतुसांनी दुर्बिणीचा नेम नव्याने जुळवला. गोळीचे वजन बदलले की लागण्याची जागाही सरकते. येथे ती १०० यार्डांवर जवळपास अडीच इंच खाली आली होती. जुन्या नेमावर गेला असता तर पुन्हा गोंधळ होता.

प्रत्यक्ष शिकार

फेब्रुवारीतील दुसऱ्या दौऱ्यात पहिला नर ९० मीटरवर, अगदी आडवा मिळाला, आणि पुतण्याने गोळी झाडली नाही. नराच्या पलीकडे झुडपात एक मादी उभी होती आणि ही गोळी आरपार जाऊ शकते हे त्याला आता ठाऊक होते. वाटाड्या नाराज झाला. माझ्या मते साऱ्या प्रकरणातील सर्वांत चांगला निर्णय हाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरा नर १२० मीटरवर आडवा थांबला. नेम पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागावर. नर अडखळला, पन्नासेक मीटर गेला आणि कोसळला. गोळीने जवळचा खांदा फोडला होता, दोन्ही फुप्फुसांतून ती पार झाली होती आणि पलीकडच्या कातडीखाली फुगवट्यासारखी हाताला लागत होती. वजन १०.१ ग्रॅम, म्हणजे सुमारे ८६ टक्के.

यावरून गोळीची निवड सिद्ध झाली असे पुतण्याला वाटते. मला तसे म्हणवत नाही. पहिला नर तिरका होता, दुसरा आडवा. पहिल्या वेळी नेम चुकीच्या जागी होता, दुसऱ्या वेळी बरोबर. अंतरही ५० मीटरने जास्त होते. चार गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय एकीला देता येत नाही. एवढे खात्रीने म्हणतो की खांदा फोडून पलीकडच्या कातडीपर्यंत पोचणे जुन्या गोळीला जमले नसते, आणि हे भिजलेल्या कागदाने आधीच सांगितले होते.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी माझा फोन. “पुरून उरेल” म्हणण्याऐवजी मी तीन प्रश्न विचारायला हवे होते: गोळी किती ग्रेनची आणि कोणत्या रचनेची, जनावर जवळात जवळ किती अंतरावर मिळेल, आणि तिरके उभे राहिले तर गोळी कोणत्या हाडातून जाईल. गोळी निवडायची ती सर्वांत वाईट कोनासाठी आणि सर्वांत जवळच्या अंतरासाठी. चांगल्या कोनात कोणतीही बरी गोळी चालून जाते, आणि सात हरणांनी पुतण्याला नेमके हेच शिकू दिले नाही.

पहिल्या दौऱ्यात तिरका नर आडवा होईपर्यंत थांबायला हवे होते, हे पुतण्याही मान्य करतो. त्या गोळीने तो नर कदाचित आडव्या कोनातही निसटला असता, पण जखमी जनावरामागे पाच तास फिरण्याची वेळ येण्याचा संभव कमी झाला असता.

तांब्याची गोळी आम्ही फार लवकर सोडली, असे मला आता वाटते. एका वजनाचे एकच खोके आणून नळीला ती मानवत नाही असा निकाल देणे घाईचे होते. १६५ ग्रेनची गोळी आखूड असते आणि तीच नळी तिला कदाचित नीट फेकेल. वजनातली ही घट, ती जवळपास सगळेच वजन आत राखते म्हणून, खोलीच्या दृष्टीने परवडते. ही काडतुसे साध्या काडतुसांच्या दुप्पट किमतीची होती आणि तीन आठवडेच उरले होते, ही कारणे खरी असली तरी वर्षातले आधीचे महिने .३७५च्या माझ्या हट्टापायी गेले होते.

पुतण्याने १६५ ग्रेनच्या तांब्याच्या काडतुसांची दोन खोकी आता मागवली आहेत. दहा मासे वजनाच्या त्या जुन्या गोळ्या हरणांसाठी चालू आहेत. त्यांच्या खोक्यावर त्याने मार्करने ‘फक्त हरीण’ असे लिहून ठेवले आहे, आणि सांबराच्या गोळीशेजारी ठेवायला ८६ टक्केवाली गोळी पुढच्या दिवाळीला लष्करला आणायची आहे.